स्टॉल : एका शब्दाचा आणि एका यंत्राचा इतिहास



मराठीच्या प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानास बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा बखरींवर बोलेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज मी बोलणार आहे ते मोटारीतील एका यंत्रभागावर. याचे कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींमध्येच आहे. ते आम्हांला गणित शिकवीत. उत्तर चुकले तर ते खोडू देत नसत. चुकीचे उत्तर तसेच ठेवून त्याच्याखाली बरोबर उत्तर लिहायला लावीत आणि म्हणत, चूक कुठून सुरू झाली हे वहीत दिसले पाहिजे. माझ्या हातून झालेली एक चूक सुमारे तीस वर्षे तशीच राहून गेली होती. ती आज आपल्यासमोर ठेवून तिच्याखाली बरोबर उत्तर लिहावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

व्यवसाय शिक्षणाच्या एका वर्गासाठी मी त्या काळी मोटारविद्येच्या इंग्रजी टिपणांचे मराठीकरण केले. मोटारीचे ज्ञान मला नव्हते. शब्दांचे आहे असा समज होता. त्यात टॉर्क कन्व्हर्टर या भागाचा ‘स्टॉल स्पीड’ आला. शिकाऊ चालकाने क्लच घाईने सोडला की गाडी गचका खाऊन बंद पडते, त्याला इंग्रजीत स्टॉल होणे म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. त्या बळावर मी लिहिले : ‘स्टॉल वेग म्हणजे ज्या वेगाखाली इंजिन बंद पडते तो वेग.’ वाक्य व्याकरणशुद्ध होते आणि अर्थाने सपशेल उलटे होते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या संदर्भात स्टॉल होते ते इंजिन नव्हे. स्टॉल होते ती गाडी. इंजिन गर्जत राहते आणि चाके जागची हलत नाहीत. हे दृश्य कन्नौदच्या माणसाला अपरिचित नाही. रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कामावर मुरूम उचलणारा लोडर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे सुपडे ढिगाऱ्यात रुतते, यंत्र क्षणभर जागीच थबकते, इंजिनाचा आवाज एका ठरावीक पट्टीपर्यंत चढून तेथेच स्थिरावतो, आणि मग ढिगारा सरकू लागतो. ज्या फेऱ्यांवर तो आवाज स्थिरावला तो त्या यंत्राचा स्टॉल वेग. व्याख्याच द्यायची तर अशी : बाहेर जाणारा दांडा घट्ट धरून ठेवला असता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही इंजिन मिनिटाला ज्या फेऱ्यांच्या वर जाऊ शकत नाही, त्या फेऱ्यांची संख्या.

हे असे का घडते, हे समजण्यासाठी या यंत्राच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. त्याचा जन्म रस्त्यावर झाला नाही, गोदीत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांत वाफेची टर्बाइने आली. टर्बाइन वेगाने फिरले तरच काटकसरीने चालते. पाण्यातला पंखा मात्र सावकाश फिरला तरच नीट ढकलतो. या दोघांचा संसार कसा जुळवावा, हा प्रश्न जर्मनीतील श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हर्मान फ्योटिंगर या तरुण अभियंत्यापुढे होता. त्याने पंप आणि टर्बाइन एकाच बंद डब्यात समोरासमोर बसविले. इंजिनाने पंप फिरवायचा, पंपाने द्रव टर्बाइनच्या पात्यांवर फेकायचा, आणि टर्बाइनने पंखा फिरवायचा. १९०५ साली त्याने पेटंट घेतले. दोन फिरत्या भागांत धातूचा सांधा नव्हता. मध्ये होता तो केवळ वाहता द्रव.

यातली खरी प्रतिभा तिसऱ्या भागात आहे. टर्बाइनला धडकून परत फिरणारा द्रव पंपाच्या उलट दिशेने येतो आणि त्याला अडवतो. फ्योटिंगरने वाटेत स्थिर पात्यांचे एक चक्र ठेवले व त्या द्रवाची दिशा वळवून तो पंपाला साह्य करील असे केले. त्याला आज स्टेटर म्हणतात. स्टेटरमुळे द्रव नुसता जोर पोचवीत नाही, तो वाढवितो. गाडी जागेवर असताना सामान्य मोटारीतला कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, साधारण दुप्पट करतो. स्टेटर काढून टाकला तर उरते ते द्रवयोजक. ते जोर पोचवते, वाढवीत नाही.

दातेरी चक्रांचे संच सुधारल्यावर जहाजांतून हे यंत्र मागे पडले आणि रस्त्यावर आले. इंग्लंडमध्ये हॅरल्ड सिंक्लेअर याने द्रवयोजकाचा पुरस्कार केला आणि १९३० साली डेमलर कंपनीने ते मोटारींत घेतले. स्वीडनच्या आल्फ लायशोल्मने घडविलेला कन्व्हर्टर त्याच दशकात इंग्लंडातील बसगाड्यांत आला. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या गाड्यांसाठी हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गिअरपेटी दिली; तिच्यात द्रवयोजक होते. १९४८ साली ब्युइकने डायनाफ्लो आणली. ती मात्र टॉर्क कन्व्हर्टरवर विसंबलेली होती. १९५० साली शेव्हरोलेची दोन गिअरांची पॉवरग्लाइड आली आणि हे यंत्र सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आले.

आपल्याकडे याच्या आधीचे युग कसे होते, याचा एक भव्य नमुना इंदूरचाच आहे. कन्नौद ज्या होळकर संस्थानात होते, त्याचे अधिपती महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूझेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ गाडी तयार झाली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडविली. आठ सिलिंडरांच्या त्या इंजिनाची शक्ती कंपनी ३२० अश्वशक्ती सांगत असे. एवढे बळ चाकांवर सोडायचे ते तीन गिअर आणि एक क्लच यांच्या मार्फत. ते किती निसटू द्यायचे आणि किती पकडायचे, हे ठरवीत असे चालकाचा डावा पाय. टॉर्क कन्व्हर्टरने डाव्या पायाची ही विद्या द्रवाकडे सोपविली. पाय प्रसंग पाहून आपला निर्णय बदलू शकतो. डब्यात बंद केलेल्या पात्यांना ते जमत नाही. त्यांचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. त्या निर्णयाचे नाव म्हणजे स्टॉल वेगाची निवड.

हा निर्णय कठीण झाला तो शर्यतींमुळे. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ पट्टीवरील शर्यतींना शिस्त आली. तेथे गाडी जागेवरून सुटते. शर्यतीसाठी फुगविलेली इंजिने कमी फेऱ्यांवर दुबळी असतात. त्यांचा जोर वरच्या फेऱ्यांत असतो. मूळ कन्व्हर्टर साधारण १,६०० ते २,००० फेऱ्यांना इंजिन अडवून धरी, आणि सुटण्याच्या क्षणी इंजिन नेमके आपल्या दुबळेपणात सापडे. मग लोकांनी लहान व्यासाचे, अधिक निसटू देणारे कन्व्हर्टर बसविले. आज निव्वळ शर्यतीच्या गाड्यांत ४,००० ते ५,५०० आणि त्याहूनही अधिक फेऱ्यांचा स्टॉल आढळतो. ज्याला तीच गाडी रविवारी पट्टीवर आणि सोमवारी बाजारात न्यायची आहे, त्याचे मात्र दोन धनी झाले.

दोन धन्यांची ही अडचण आपल्या देशातही वेगळ्या रूपाने उभी राहिली होती. डिझेल रेल्वे-इंजिनाला जड गाडी जागेवरून ओढायची असते आणि पुढे वेगात धावायचेही असते. मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने टॉर्क कन्व्हर्टर आणि द्रवयोजक यांची सांगड घालून ‘सुरी ट्रान्समिशन’ सिद्ध केले : सुटताना जोर वाढविणारा कन्व्हर्टर, वेग आल्यावर कमी नासाडी करणारे योजक. १९६२ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. रेल्वेसाठी अशी द्रवचालित ट्रान्समिशने पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने बनविली, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. ब्युइकने १९५५ पासून स्टेटरच्या पात्यांचा कोन बदलणारी रचना आणून एकाच डब्यात दोन स्टॉल वेग बसविले. पॅकार्डने १९४९ सालीच वेग आल्यावर पंप आणि टर्बाइन घट्ट जोडणारा क्लच दिला होता. या साऱ्या युक्त्या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत : निसटण्याचा लाभ घ्यावा, पण दंड भरू नये.

आता माझ्या चुकीकडे वळतो.

या शाळेचा एक विद्यार्थी इंदुरात मोटारदुरुस्तीचे काम करतो. माझे ते जुने टिपण त्याने जपून ठेवले होते, कारण ते ‘सरांनी लिहिलेले’ होते. काही वर्षांपूर्वी एका हौशी गृहस्थांची जुनी अमेरिकन गाडी त्याच्याकडे आली. गाडी रोज चालवायची होती आणि महाराष्ट्रात एका धावपट्टीवर भरणाऱ्या पाव मैलाच्या शर्यतीलाही न्यायची होती. इंजिनात शर्यतीची कॅमशाफ्ट घातली होती. तिच्यासाठी २,८०० फेऱ्यांच्या स्टॉलचा कन्व्हर्टर घ्यावा असे मालकांच्या मनात होते. आमच्या विद्यार्थ्याने टिपण उघडले. २,८०० फेऱ्यांखाली इंजिन बंद पडणार असेल, तर गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडेल, असे त्याने माझ्या वाक्यावरून काढले. तर्क निर्दोष होता. गृहीतक माझे होते. त्याने मूळचा, १,७०० फेऱ्यांचा कन्व्हर्टर तसाच ठेवला.

अशा कॅमशाफ्टचे इंजिन नेहमीच्या संथ फेऱ्यांवर उभे राहत नाही, म्हणून मोकळ्या फेऱ्या १,०५० पर्यंत वाढवाव्या लागल्या. घट्ट कन्व्हर्टर एवढ्या फेऱ्यांवर चाकांना सतत पुढे ढकलतो. शिवाय अशा कॅमशाफ्टमुळे इंजिनातली निर्वात ओढ घटते, आणि ब्रेकला साह्य करणारे यंत्र त्याच ओढीवर चालते. म्हणजे ढकलणारा जोर वाढला आणि रोखणारा घटला. चाचणीच्या दिवशी एका शाळेसमोरच्या पट्ट्यांवर गाडी थांबली, आणि ब्रेकवर पाय असतानाच हातभर पुढे सरकली. सायकल घेऊन ओलांडणारा एक मुलगा बाजूला उडी मारून वाचला. त्याला इजा झाली नाही, हे आमचे भाग्य. त्या संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. त्याने दोष दिला नाही, फक्त विचारले, “सर, त्या वाक्याचा अर्थ मी नीट लावला ना?” अर्थ त्याने नीटच लावला होता.

त्यानंतर मी या विषयाचा जो अभ्यास केला त्याचे सार सांगतो.

पहिली गोष्ट, स्टॉल वेग हा कन्व्हर्टरवर कोरलेला आकडा नव्हे. तो कन्व्हर्टर आणि इंजिन या दोघांत मिळून ठरतो. पंप फिरविण्यास लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून जो कन्व्हर्टर ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या इंजिनामागे २,४०० फेऱ्यांना अडतो, तोच ४८४ न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे २,६४० ला अडेल : टॉर्क एकवीस टक्के वाढला की स्टॉल दहा टक्के चढतो. विकत घेताना आपल्या इंजिनाचा टॉर्क न सांगता नुसता आकडा मागणे म्हणजे नुसते वय सांगून अंगरखा शिवायला टाकण्यासारखे आहे.

याच वर्गाच्या नियमात माझ्या चुकीचे उत्तरही आहे. स्टॉलचा आकडा पूर्ण जोराचा असतो. रस्त्यावर गाडी संथपणे नेताना इंजिन पूर्ण जोराच्या चौथा हिस्सा देत असेल, तर २,८०० चा कन्व्हर्टर तेवढ्या जोराला १,४०० फेऱ्यांतच पेलतो. गाडी २,८०० च्या कितीतरी खाली हलते आणि इंजिन मुळीच बंद पडत नाही.

दुसरी गोष्ट व्यासाची. घडण तीच ठेवली तर जोर पेलण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. बारा इंचांचा कन्व्हर्टर दहा इंचांचा केला तर क्षमता चाळीस टक्क्यांवर येते आणि २,००० चा स्टॉल ३,१५० च्या आसपास जातो. दोन इंचांचा फरक डोळ्याला क्षुल्लक वाटतो. द्रवाला तो फार मोठा असतो.

तिसरी गोष्ट, आकडा निवडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. इंजिनाचा जोर कोठून भरू लागतो? गाडीचे वजन किती? मागच्या आसाचे गुणोत्तर आणि चाकाचा व्यास किती? नेहमीच्या वेगाला इंजिन किती फेरे घेते? त्या गाडीत जोर २,६०० पासून भरत होता आणि ३,६०० ला शिगेला पोचत होता. चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर, गुणोत्तर ३.७३. हिशेब केला तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६४३ फेरे घेते आणि सरळ गिअरमध्ये इंजिन सुमारे २,४००. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४८ होते, ५,२०० फेऱ्यांना गिअर बदलला तर इंजिन ३,५०० वर उतरते, म्हणजे जोराच्या शिखराजवळच. स्टॉल जोर भरू लागण्याच्या बिंदूपाशी असावा, शिखराच्या खाली राहावा आणि नेहमीच्या वेगाच्या फेऱ्यांहून फार वर नसावा. या तिन्ही अटी एकत्र वाचल्या की उत्तर येते २,८०० च्या आसपास. मालकांच्या मनातला आकडा बरोबर होता. रस्ता आणि पट्टी दोन्ही सांभाळणाऱ्या बहुतेक गाड्यांची निवड २,४०० ते ३,२०० या पट्ट्यातच पडते.

चौथी गोष्ट उष्णतेची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित. निसटलेली शक्ती नाहीशी होत नाही. तिचे तेलाच्या तापात रूपांतर होते. गाडी ब्रेकवर रोखून २०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १५० किलोवॅट, कन्व्हर्टरात ओतली तर दहा लिटर तेल दर सेकंदाला आठ-नऊ अंश तापते. म्हणून स्टॉलची चाचणी चार-पाच सेकंदांपलीकडे नेऊ नये, चाके अडवून आणि समोर कोणी नसताना करावी, आणि नंतर तेल थंड होऊ द्यावे. ब्रेकने मागची चाके धरवली नाहीत तर आकडा खोटा, कमी दिसतो, हेही ध्यानात असावे. स्टॉल वाढविला की तेल थंड करणारा वेगळा रेडिएटर लावणे हा शौक नव्हे, त्या निवडीचाच भाग आहे.

त्या गाडीला अखेर २,८०० चा कन्व्हर्टर बसला, तेलाचा रेडिएटर लागला, आणि ब्रेकसाठी निर्वाताचा स्वतंत्र पंप आला. सिग्नलला ती आता ब्रेकवर हलका पाय ठेवला तरी निश्चल उभी राहते. शर्यतीत तिने काय केले हे मी विचारले नाही. ती शाळेसमोर उभी राहते की नाही, एवढे मात्र मी स्वतः जाऊन पाहिले.

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून जुनीच ओळख पटते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्राने काव्याचा प्राण म्हणून औचित्य सांगितले. अलंकार स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. तो जेथे बसतो त्या साऱ्या रचनेशी त्याचे नाते कसे आहे यावर त्याचे मोल ठरते. स्टॉलचा आकडाही तसाच. तो मोठा म्हणून मर्दुमकीचा नव्हे आणि लहान म्हणून सुरक्षित नव्हे. मी तर वाक्य लिहिताना शब्दाचेच औचित्य विसरलो होतो : तो कोणाविषयी बोलतो आहे, इंजिनाविषयी की गाडीविषयी, एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही.

तरुण मित्रांना एकच सांगणे आहे. वेगाची हौस भागविण्यासाठी आता जागा आहेत. धार जिल्ह्यात पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग २०२१ साली खुला झाला. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती भरल्या आहेत. कन्नौदवरून जाणारा इंदूर-बैतूल रस्ता मात्र शर्यतीची पट्टी नव्हे. त्यावर शाळा सुटते, बैलगाडी वळते, म्हातारी माणसे थांबून थांबून ओलांडतात. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्या गाडीत ज्या धन्याचे शेवटी ऐकायचे, तो धनी रस्ता होय.

गुरुजी, चुकलेले उत्तर खोडलेले नाही. त्याच्याखाली बरोबर उत्तर लिहिले आहे. आता वही तपासायला आपण नाही, म्हणून ती या सभेपुढे ठेवतो.